न्हाणीघरातली बुरशी आणि सुनेचा हात

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे आहे. त्यातला घरगुती भाग बाजूला ठेवून मुद्द्याचे तेवढे सांगतो. घरकुल मिळून चार वर्षे झाली. घरातच न्हाणीघर आहे, भिंतीला खांद्याएवढ्या उंचीपर्यंत टाइल्स बसवल्या आहेत. परंतु श्रावण लागला की टाइल्सच्या सांध्यांत, वरच्या गिलाव्यावर आणि छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके धरू लागतात. ताई ब्रश घेऊन घासतात. दोन दिवस भिंत बरी दिसते, आठव्या दिवशी ठिपके पुन्हा हजर. सासूबाईंचे म्हणणे असे की, घासायला अंगात जोर लागतो, तो आजकालच्या पोरींत नाही. मंचरला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या एका ताईंनीही नेमके हेच विचारले आहे. फरक इतकाच की, त्यांच्याकडे सासूबाईंच्या जागी घरमालकीणबाई आहेत.

दोन्ही ताईंना आम्ही आधीच सांगून टाकतो की, दोष घासणाऱ्या हाताचा नाही. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, तसा बुरशीचा जीव ओलीत असतो. राक्षसावर कितीही वार करा, पोपट जिवंत आहे तोवर तो उठून बसणारच. आपण ठिपके घासतो, म्हणजे राक्षसाला मारतो. ओल मात्र जिथल्या तिथे राहते. उलट घासताना चार तांबे पाणी ओतून आपण पोपटाला दाणापाणीच घालतो.

बुरशीचे बी, ज्याला शास्त्रात बीजाणू म्हणतात, हवेत सदासर्वदा असते. शिळ्या भाकरीवर, लोणच्याच्या तोंडाशी, पावसाळ्यात कोनाड्यात राहिलेल्या चपलेवर तेच रुजते. ते घरात येऊच नये असा उपाय कोणाकडेही नाही. भिंत ओली राहिली की एक-दोन दिवसांतच ते मूळ धरते. खायला त्याला फारसे लागत नाही. साबणाचा थर, अंगावरून निघालेले तेल, रंगातला चिकटा, दाराची लाकडी चौकट यांतले काहीही चालते. टाइल तिला खाता येत नाही, पण टाइलवरचा साबण खाता येतो. म्हणून गुळगुळीत टाइलच्या मध्यभागी बुरशी क्वचित दिसते आणि सांध्यातल्या खरखरीत सिमेंटमध्ये हटकून दिसते.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. नारायणगावच्या बाजूच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. केवडा, म्हणजे डाऊनी, बागेत का शिरतो? पानावर पाणी तासन् तास टिकते म्हणून. तो फवारणी करतो हे खरे, परंतु निव्वळ फवारणीवर बाग सोडत नाही. जादा फुटी काढतो, घडाभोवतीची पाने विरळ करतो, वेलीतून हवा खेळू देतो. कांद्याच्या बराखीचेही तसेच आहे. बराखी जमिनीपासून उचललेली असते, तिच्या बाजू फटींच्या असतात, खालून-बाजूने वारा फिरतो, म्हणून कांदा काही महिने टिकतो. तोच कांदा बंद खोलीत ढीग करून ठेवला तर आषाढातच वास सुटेल. ज्या घरात कांद्याला वारा मिळावा म्हणून एवढी काळजी घेतली जाते, त्याच घरात न्हाणी मात्र चारी बाजूंनी बंद पेटीसारखी बांधलेली असते, याचे आम्हाला नवल वाटते.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पावसाच्या बाबतीत एकजिनसी नाहीत. नाणेघाट, माळशेज, आहुपे, भीमाशंकर या सह्याद्रीच्या कडेला पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. पूर्वेला आळेफाटा, बेल्हे या बाजूस पाऊस बेताचा. त्यामुळे आळेफाट्याच्या मावशींनी 'खिडकी उघडी ठेव, सगळे वाळेल' असा सल्ला दिला, तर तो त्यांच्या गावी खरा ठरतो. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला जुलै महिन्यात तो अर्धाच खरा, कारण तिथे बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. म्हणून पश्चिमेकडील भगिनींनी वाऱ्याच्या जोडीला हातानेही पाणी काढावे लागेल, हे धरून चालावे. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी भिंतीवर दिसते ते नक्की काय आहे, ते ओळखले पाहिजे. सगळेच डाग बुरशीचे नसतात. भिंतीच्या तळाशी पांढरी, पिठासारखी, बोटाला लागणारी पूड दिसली तर तो बहुधा लोणा असतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोणा हे सांगतो की, जमिनीतले किंवा पलीकडचे पाणी भिंतीतून येत आहे आणि येताना क्षार घेऊन येत आहे. बाहेरच्या बाजूस हिरवे दिसते ते शेवाळ, त्याला उजेड लागतो. बादलीच्या कडेला, मोरीच्या जाळीभोवती गुलाबी बुळबुळीत थर धरतो ती बुरशी नव्हे, ते जिवाणू असतात. ब्रशने आणि साबणाने ते निघतात, दर आठवड्याला काढावे लागतात. काळे, करडे, हिरवट-काळे ठिपके, जे आधी सुट्टे असतात आणि मग एकमेकांत मिसळून ढग होतात, ती बुरशी.

मग प्रश्न येतो की पाणी येते कुठून. आंघोळीची वाफ गार भिंतीवर थबकते, हा एक मार्ग. भिंतीच्या पोटातून ओल येते, हा दुसरा. एक सोपी परीक्षा आहे. साखर-डाळीच्या पिशवीचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा, साधारण फूटभर लांब-रुंद, भिंत पुसून कोरडी करून चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवस राहू द्या. पाणी प्लॅस्टिकच्या वरच्या, आपल्याकडच्या बाजूस जमले तर ते खोलीतल्या वाफेचे. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूस दमटपणा आला तर भिंतच पाणी पाजत आहे. दुसऱ्या प्रकारात ब्रशने जन्मभर घासले तरी उपयोग नाही. तिथे गवंडी बोलवावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड बसत असेल, वळचणीचे पाणी भिंतीलाच लागून पडत असेल, छपराची पन्हळ फुटली असेल, शेजारच्या मोरीचे पाणी जोत्याशी मुरत असेल, नळाचा पाइप भिंतीत झिरपत असेल; यांतले काय आहे ते पावसात बाहेर उभे राहून पाहिले की बहुधा अर्ध्या तासात कळते. घरातली पुरुष मंडळी हे काम सहज करू शकतात. छत्री धरून बाहेर उभे राहायला कोणाची मनाई नाही.

परंतु पत्रलेखक ताईंच्या वर्णनावरून त्यांच्याकडे वाफेचाच प्रकार दिसतो. छताच्या कोपऱ्यात ठिपके आहेत, तळाशी नाहीत. वाफ वर जाते, कोपऱ्यात हवा हलत नाही, तिथे भिंत शेवटी वाळते किंवा वाळतच नाही.

त्यांनी पत्रात सहज एक वाक्य लिहिले आहे, ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले. न्हाणीला झरोका आहे, पण त्यात पोते कोंबले आहे, कारण तो गल्लीकडे उघडतो. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना जे घरकुल मिळते त्याचे क्षेत्र २६९ चौरस फूट धरलेले आहे. एवढ्यात स्वयंपाक, निजणे, न्हाणे सगळे बसवायचे. न्हाणीच्या वाट्याला कोपरा येतो आणि झरोका जिथे सोयीचा तिथे पडतो. गवंडी तो छातीच्या उंचीला ठेवून मोकळा होतो. मग घरातली बाई पोते कोंबणार नाही तर काय करणार? तिला कोणी दोष देऊ नये.

येथे काही जण म्हणतील की, पूर्वीची परसातली उघडी न्हाणी काय वाईट होती? ऊन पडायचे, पाणी अळवाला आणि केळीला जायचे, बुरशीचे नाव नव्हते. हे सर्व खरे आहे. परंतु त्या न्हाणीत आपल्या आया-आज्या पहाटे अंधारात, अंगावरच्या लुगड्यानिशी न्हायच्या, हेही खरे आहे. बंद दाराची न्हाणी ही आपल्या बायकांनी मोठ्या मुश्किलीने मिळवलेली गोष्ट आहे. ती सोडायची नाही. तिला फक्त श्वास घ्यायला जागा करून द्यायची आहे.

ती अशी. झरोका साडेसहा फुटांच्या वर असावा. तिथून बाहेरच्याला आतले दिसत नाही आणि वाफही तिथेच जमते. जुना खाली असेल तर तो बुजवून वर नवा पाडावा. एका दिवसाचे काम आहे. त्यात काचेच्या किंवा सिमेंटच्या तिरक्या पट्ट्या बाहेरच्या बाजूस उतरत्या बसवल्या की पाऊस आत येत नाही, नजर आत येत नाही, हवा मात्र फिरते. दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हवा बाहेर जायची तर तितकी आत यायला हवी. म्हणून न्हाणीच्या दाराखाली अर्धा ते पाऊण इंच फट ठेवावी. घरातल्या बाजूला उंबरा थोडा उंच असला की पाणी बाहेर येत नाही. वीज असेल आणि परवडत असेल तर छोटा एक्झॉस्ट पंखा बसवावा, पण तो आंघोळ संपताच बंद करू नये. वाफ भिंतीवर असते ती नंतर निघते. वीस मिनिटे चालू द्यावा. विजेचे बटण न्हाणीच्या बाहेर.

जमिनीचा उतार हाही मोठा घटक आहे. फुटाला पाव इंच या मापाने सगळी जमीन मोरीकडे उतरली पाहिजे. आपल्याकडे घाईत फरशी बसवतात आणि मध्ये बशीसारखा खळगा राहतो. पाण्याची एक बादली ओतून पाहा. दहा मिनिटांनी जिथे पाणी उभे दिसेल, तिथे बुरशीचे बियाणे पेरलेले आहे असे समजा. मोरीच्या तोंडाशी जो सापळा बसवतात, त्याला देशभरचे प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. आपला 'न्हाणी' हा घरगुती शब्द हार्डवेअरच्या दुकानात असा मानाने बसलेला पाहून गंमत वाटते. त्या ट्रॅपची जाळी काढून आतले केस आणि साबणाचा लगदा महिन्यातून एकदा काढावा.

जुन्नरची माणसे हा सगळा विचार कोणत्या डोंगराखाली बसून करत आहेत, याचीही आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास करीत, आणि इथला पाऊस तेव्हाही पाऊसच होता. ज्यांनी ती लेणी पाहिली आहेत त्यांनी दाराबाहेर खडकात कोरलेली पाण्याची टाकी पाहिली असतील. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. मानमोडीच्या एका लेखात, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. पाणी साठवायचे ते बाहेर, निजायचे ते आत.

याहून नवल विनयपिटकाचे. चुल्लवग्गात न्हाणीघराविषयी, ज्याला तिथे जंताघर म्हटले आहे, तपशीलवार नियम आहेत. जोते उंच घ्यावे. धूर जायला मार्ग असावा. आत चिखल होऊ लागला, तेव्हा विटा, दगड किंवा लाकूड अंथरण्याची मुभा तथागतांनी दिली. पाणी साचू लागले, तेव्हा ते काढून देणारी मोरी करण्याची मुभा दिली. एकेक अडचण आली आणि एकेक नियम झाला, असा तो भाग आहे. वाचताना एखाद्या समजूतदार ओव्हरसियरची वही वाचतो आहोत असे वाटते. आणि निवासाच्या नियमांत भिंतीवरच्या बुरशीचाही उल्लेख येतो! गेरूने रंगवलेली भिंत 'कण्णकित' झाली, म्हणजे ओलीने डागळली, तर फडके भिजवावे, पिळावे आणि मग पुसावे असे सांगितले आहे. पिळावे हा शब्द भगिनींनी लक्षात ठेवावा. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघड्या आणि रात्री बंद, उन्हाळ्यात दिवसा बंद आणि रात्री उघड्या, हेही तिथेच आहे.

त्यातला एक नियम तर आम्ही सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवा असे म्हणू. न्हाणीघरातून जो सर्वांत शेवटी बाहेर पडेल, त्याने ते राड झाले असल्यास धुवावे, चौरंग जागच्या जागी ठेवावा, विस्तव विझवावा, दार लावून जावे. भिक्खूंच्या विहारात सून नव्हती. जो शेवटचा, त्याचे काम.

घरात तोच नियम लावता येतो. कापडी फडके किंवा हातातला रबरी वायपर न्हाणीत खिळ्याला टांगून ठेवा. शेवटी आंघोळ करणाऱ्याने, मग तो मुलगा असो, सासरे असोत की नवरा, टाइल्सवरून वरून खाली पाणी ओढावे, मग जमिनीवरचे मोरीत ढकलावे. दोन मिनिटांचे काम आहे. ज्या पाण्याला हवेत विरायला अख्खी दुपार लागली असती, ते दोन मिनिटांत मोरीत जाते. आहुपे-भीमाशंकरच्या बाजूच्या घरांत पावसाळ्यात तर वाऱ्यापेक्षा या वायपरचा भरवसा अधिक. ओले कपडे न्हाणीत पिळून तिथेच टांगून ठेवू नयेत. ओला टॉवेल, ओली चादर रात्रभर भिंतीला पाणी पाजतात.

आता घासण्याकडे येतो. घासायचे तर आहेच, पण योग्य क्रमाने. आधी साबणाचा थर काढा, कारण तो राहिला तर वरून काहीही ओतले तरी खाली पोहोचत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातात रबरी मोजे घालून, जुन्या दातांच्या ब्रशने सांधे घासा. स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतर टाइल्सवर ब्लीचिंग पावडरचे पाणी लावायचे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल. एक लिटर पाण्यात चहाचे तीन सपाट चमचे, प्लॅस्टिकच्या भांड्यात, नीट ढवळून निवळू द्यावी आणि वरचे निवळ पाणी वापरावे. दहा-पंधरा मिनिटांनी धुवून टाकावे, मग कोरडे पुसावे. दार, झरोका उघडे, लेकरे बाहेर, ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी हे काम अंगावर घेऊच नये. गिलाव्यावर आणि लाकडावर मात्र टीसीएलचा फारसा उपयोग होत नाही. वरचा रंग उडतो, म्हणून बुरशी गेली असे वाटते. मुळे आत राहतात. गिलावा खरवडून, पूर्ण वाळवून, त्यावर चुन्याची सफेती द्यावी हे बरे. ताज्या चुन्यावर बुरशीला रुजता येत नाही आणि तो स्वस्तही आहे. बुरशीवरच तेलरंग मारण्याचा मोह कोणी करू नये. महिनाभरात रंगाचा पापुद्रा निघतो आणि खाली तीच मंडळी बसलेली असतात.

यापुढचे वाक्य कृपा करून घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे. टीसीएल आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो छातीत भरला तर माणूस दगावू शकतो. 'एकाने जात नाही तर दोन्ही टाकून पाहू' हा विचार अगदी स्वाभाविक आहे, म्हणूनच तो घातक आहे. व्हिनेगरही टीसीएलमध्ये मिसळू नये. ॲसिडचे दुसरे नुकसान सावकाश दिसते. आपल्याकडे न्हाणीत शहाबादी किंवा कडप्पा फरशी असते. हे चुनखडीचे दगड आहेत, ॲसिड त्यांना खाते. फरशी त्या दिवशी लख्ख दिसते, पण तिच्यावर बारीक खड्डे पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशीला बसायला दुप्पट जागा होते. सांध्यातल्या सिमेंटचेही तेच. आणखी एक गोष्ट बागायती गावांसाठी. बागेतून उरलेले बुरशीनाशक किंवा मोरचूद न्हाणीच्या भिंतीला फवारणारी माणसे आहेत. ते पिकासाठी आहे, मोजून-मापून उघड्या रानात वापरण्यासाठी. जिथे लेकरू उघड्या अंगाने भिंतीला टेकून उभे राहते, तिथे त्याला जागा नाही.

काळ्या ठिपक्यांची एक भीती २०२१ पासून घराघरांत शिरली आहे, तिच्याविषयी दोन शब्द. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसच्या रोग्यांना 'काळी बुरशी' झाली असे बोलले जाऊ लागले, आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा रोग नोंद करण्याजोगा ठरवावा असे राज्यांना कळवले. तेव्हापासून न्हाणीतल्या काळ्या डागाकडे पाहून काहींच्या पोटात गोळा येतो. ती बुरशी वेगळी आणि ही वेगळी. म्युकरमायकोसिसने गाठले ते मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना. न्हाणीतल्या डागांमुळे तो होतो असे मानण्याचे कारण नाही.

पण म्हणून न्हाणीतली बुरशी निरुपद्रवी आहे, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दमा यांचा त्रास अधिक होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. लहान मुले, म्हातारी माणसे आणि ज्यांना आधीच दमा आहे त्यांना त्रास अधिक. पावसाळा सुरू झाला की एखाद्या लेकराचा खोकला सुरू होतो, मामाच्या कोरड्या घरी गेले की थांबतो, परत आले की पुन्हा सुरू होतो. अशा वेळी डॉक्टरांना घरातल्या ओलीविषयी अवश्य सांगावे. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावी अवाब नावाचा एक मुलगा होता. आईवडील सुदानमधून आलेले. भाड्याचे छोटे घर, एका गृहसंस्थेच्या मालकीचे. न्हाणीत आणि स्वयंपाकघरात बुरशी. वडिलांनी २०१७ मध्ये तक्रार केली, त्यांना वरून रंग मारा असे सांगण्यात आले. तक्रारी पुढेही होत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये, दुसरा वाढदिवस होऊन आठवडाभर झाला असेल-नसेल, अवाब श्वासाच्या विकाराने वारला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की, घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळेच त्याचा मृत्यू झाला. आणि त्या चौकशीच्या काळात जे बाहेर आले ते आपल्या वाचकांना फार ओळखीचे वाटेल. गृहसंस्थेच्या लोकांनी धरून चालले होते की, ही माणसे बादलीने आंघोळ करतात, त्यांची राहणीच तशी, म्हणून बुरशी. पुढे संस्थेने कबूल केले की, राहणीविषयीचा हा समज चुकीचा होता.

बादलीने आंघोळ! आपण सगळेच बादलीने आंघोळ करतो. गोष्ट अशी की, ज्याचे घर ओले, तोच घाणेरडा, हा निवाडा फार लवकर दिला जातो. आणि ज्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे, त्यांच्या घरात तरी तो सुनेला ऐकवला जाऊ नये. इंग्लंडात त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. २०२३ च्या सामाजिक घरांविषयीच्या कायद्यात ती तरतूद आली आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा पहिला टप्पा लागू झाला. गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की घरमालक संस्थेने दहा कामकाजाच्या दिवसांत चौकशी केली पाहिजे, धोका आढळल्यास पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत घर निर्धोक केले पाहिजे, आणि प्रसंग तातडीचा असेल तर चोवीस तासांत.

आपल्याकडे मंचरच्या भाड्याच्या खोलीसाठी असा कायदा नाही. तरीही मंचरच्या ताईंनी घरमालकीणबाईंशी तोंडी वाद घालू नये. प्लॅस्टिकची परीक्षा करावी, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, तारीख घालून साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्याव्यात आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी. भिंतीच्या पोटातून ओल येत असेल तर दुरुस्ती घरमालकाची. वाफेची असेल तर वायपर आपला, पण झरोका पाडून देणे पुन्हा घरमालकाचेच काम. जिथे घरकुल अजून बांधून व्हायचे आहे, तिथे गोष्ट सोपी आहे. जोत्यापर्यंत काम आले की गवंड्याला गाठून तीन गोष्टी सांगाव्यात: झरोका कुठे, उतार कुणीकडे, दाराखाली फट किती. गिलावा झाल्यावर हे सांगितले तर तो 'आता काय होतंय ताई' म्हणून हसेल, आणि त्याचेही खरे असेल.

गॅसचा गिझर हल्ली खेड्यांतही आला आहे. तो न्हाणीच्या आत बसवू नये. बंद जागेत त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आतला माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध होतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि नळीने पाणी आत. ज्या घरांनी वाफ जाऊ नये म्हणून झरोका बुजवला आणि आत गिझर लावला, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी झरोका उघडावा.

दुरुस्तीचा मुहूर्त विचाराल तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस. पाऊस ओसरलेला, ऊन कडक, भिंत मनापासून वाळते. सांधे खरवडून नवे भरायचे, चुना द्यायचा, झरोका पाडायचा तो याच दिवसांत. भर पावसात सफेती करू नये. त्या काळात फक्त वायपर आणि फडके चालू ठेवावे.

पत्रात ताईंनी न्हाणीच्या दाराची लाकडी चौकट खालून कुजल्याचेही लिहिले आहे. कुजलेला भाग कापून तिथे सिमेंटचा किंवा दगडाचा तुकडा बसवून घ्यावा. नवी चौकट लाकडाची घेऊ नये. पुढील अंकी साठवणीच्या तांदळातील पोरकिड्यांविषयी. त्यावरही आंबेगावातून दोन पत्रे आली आहेत.